मास्तरांचा उजवा डोळा

मुलुंडला आमच्या गल्लीत एक टेलरमास्तर आहेत. डावा डोळा पहिल्यापासून अधू, म्हणून उजव्यात नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवलं. टाके निघाले, तरी मोठा तिरका नंबर राहिला आणि चष्म्यानेही भागेना. सरळ रेघ त्यांना कमरेत लचकलेली दिसायची. पण दुकान बंद ठेवतील तर ते मास्तर कसले! अंदाजाने कापायचे, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, "शर्ट बरोबर आहे रे, तुझाच खांदा उतरलाय." आम्ही खांदा उचलून चालायचो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी लेझरने तो नंबर बराच उतरवला. त्यानंतर मी दुकानावरून चाललो होतो, तर मास्तर माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

"ही कॉलर कोणी लावल्यान रे?" त्यांची मालवणी उसळली.

"तुम्हीच, मास्तर."

"काढ."

"घरी जाऊन आणून देतो ना."

"आत्ता काढ!"

मी बनियनवर बाकड्यावर बसलो. आणखी दोघे आधीच तसे बसले होते. मास्तर टाके उसवू लागले.

"चालतंय हो," मी म्हटलं. "मी कधी तक्रार केली का?"

"तू नाही केलीस," ते मान वर न करता म्हणाले. "पण हा डोळा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. त्याला असलं काम दाखवायची लाज वाटते."

तेवढ्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी समोरून चालले होते. मास्तरांची नजर त्यांच्या पँटवर गेली आणि ते ताडकन उठले.

आम्ही सरकून बाकड्यावर जागा केली.