का-बाई मागे वळत नसत

आमच्या चित्रकलेच्या बाई मागे वळून बघत नसत. जव्हारच्या बाजारात मागून कोणी हाक मारली, तर जागच्या जागी थांबायच्या. हाक मारणाऱ्यानं वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभं राहायचं. नव्या मुलांना हा शिष्टपणा वाटायचा. आम्हाला कारण ठाऊक होतं, निदान तसं वाटायचं. बाईंचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, भडाग्नी बाईंनीच दिला. स्मशानातून निघताना भाऊबंदांनी बजावलं होतं, आता मागे बघायचं नाही. बाईंनी तेच कायमचं पाळलं असावं, असा आमचा समज.

शाळेत त्यांचं नाव का-बाई. चित्र दाखवायला नेलं की छान-वाईट काही म्हणत नसत. "का?" एवढंच विचारायच्या. डोंगर निळा का? घराला एकच खिडकी का? आधी घाम फुटायचा, मग सवय झाली. अजूनही घराला पडदे घेताना मी मनातल्या मनात त्यांना कारण देते. "चित्रात उगाच काही नसतं. उगाच आपण बघतो," असं त्या म्हणायच्या.

वर्गातल्या ओल आलेल्या भिंतीवर त्यांनी एका परदेशी अतिवास्तववादी चित्राची छापील प्रत पुठ्ठ्याला चिकटवून लावली होती. ग्रीक पुराणातला वादक ऑर्फियस मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणायला जातो. अट एकच, वर पोचेपर्यंत मागे बघायचं नाही. तो बघतो, आणि ती कायमची जाते. त्याचं नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आमच्याकडच्या तारपा या फुंकवाद्यावरून आम्ही त्याला तारपेवाला म्हणायचो. चित्रातला जिना त्याच्याच पाठीच्या मणक्यांचा होता. वाद्याच्या तारा लोंबून मुळांसारख्या जमिनीत शिरल्या होत्या. मागून येणाऱ्या बायकोला तोंडाच्या जागी बंद दार. बाई एकेक उलगडायच्या. दुःखातून वर यायचं तर आपलीच पाठ चढावी लागते, मुळं म्हणजे मातीत रुजलेलं गाणं. आम्ही आ वासून ऐकायचो. तो साधा कागद डोळ्यांदेखत विहिरीएवढा खोल व्हायचा.

"पण त्यानं मागे का पाहिलं?" हे मात्र त्या दरवर्षी मुलांनाच विचारायच्या. कोणी म्हणे प्रेम, कोणी शंका, कोणी घाई. "असेल," म्हणून बाई खडू ठेवून द्यायच्या.

आम्ही दहावीत असताना साखरशेतची भारती उठली. तिचे वडील लग्नात, सणाला तारपा फुंकायचे.

"बाई, तारपा वाजंल तिकडं मागले नाचत जातात. वाजायचा थांबला का मंग त्यांना कळत नाय कुठं जायचं. मागून हाक मारतात."

"मग?"

"याच्या तारांची मुळं झाली ना. मुळं कशी वाजतील? तिला काय ऐकूच येईना, तिनं हाक मारली असंल. परत मारू नये म्हणून तर तिचं तोंड बंद केलंय. त्याची चूक नाय, बाई. हाक आल्यावर माणूस वळतोच."

इतकी वर्षं समोर असलेलं चित्र मी पहिल्यांदाच बघत होते. बाई पुढच्या बाकावर बसल्या.

"मलाही आली होती हाक," चित्राकडे बघतच त्या म्हणाल्या. "स्मशानातून निघताना. यांचाच आवाज. मी वळले नाही. त्यांच्या हाकेला वळले नाही, मग बाकीच्यांच्या हाकेला कशी वळू?"

भारती रडवेली झाली. तिला जवळ घेऊन बाई म्हणाल्या, "बरोबर वाचलंस तू. मला तो आवाज भास वाटला होता."

त्या उन्हाळ्यात बाईंची नाशिककडे बदली झाली. आम्ही सगळ्या स्टँडवर पोचवायला गेलो. सगळ्यांचा निरोप घेऊन बाई एसटीच्या पायरीवर चढल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई!"

त्या थांबल्या. नेहमीसारखं पळत समोर जावं, तर समोर एसटीचं दार. कंडक्टर कुरकुरला. दांडीला धरून बाई हळूहळू वळल्या, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"का?" त्यांनी विचारलं.



"काही नाही, बाई," मी म्हटलं. "नुसतं बघायचं होतं."