मावशींची चव गेली तेव्हा

कारखान्याच्या कँटीनमध्ये मावशी सव्वीस वर्षं रांधत होत्या. रोज दुपारी चारशे माणसं जेवायची, आणि मीठ-तिखटाचा शेवटचा शब्द मावशींचा. अकरा वर्षांची साखर, त्यात वजनापायी गुडघे बोलायला लागलेले. डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा पोटात टोचून घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. म्हणाल्या, "भूक कमी होईल, घाबरू नका."

दुसऱ्या महिन्यात डोस वाढला आणि फोडणीचा वास आला की मावशींच्या पोटात ढवळायला लागलं. साखर उतरली, वजनही उतरलं. बायका म्हणायच्या, "मावशी, नशीब काढलंत!" मावशी हसून वेळ मारून न्यायच्या. चमचा ओठांपर्यंत न्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. मग त्या नुसत्या अंदाजानं मीठ घालायला लागल्या.

एका गुरुवारी डाळीत दोनदा मीठ पडलं. अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं. मॅनेजर एवढंच म्हणाले, "मावशी, तुमच्याकडून?" शिव्या परवडल्या असत्या.

घरी नवरा कोरडी पोळी चावत म्हणाला, "भूक तुझी मेलीय, माझी नाही." त्या रविवारी मावशींनी इंजेक्शन टोचलं नाही, पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात भूक परतली, ती वखवखल्यासारखी. साखरही तिच्यामागोमाग चढली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "बंद केलंत ना?"

"काय करू? माझ्या जिभेच्या भरवशावर चारशे माणसं जेवतात."

बाई रागावल्या नाहीत. आता परत अगदी खालच्या डोसपासून सुरू करू, म्हणाल्या, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घ्या. मळमळलं तर मला आधी सांगा, मनानं सोडू नका.

कँटीनमध्ये भाज्या चिरणारी एक किडकिडीत बाई होती, सगळे तिला काडी म्हणत. इंजेक्शन पुन्हा सुरू झाल्यावर मावशींनी पहिल्यांदाच चमचा दुसऱ्याच्या हातात दिला. "बघ गं, मीठ कसंय?"

काडी गांगरली. "मी काय सांगणार, मावशी?"

"जिभेला लागेल ते सांग."

काडीनं दोनदा चाखलं. "चिमूटभर लागेल अजून."

मावशींनी चिमूटभर घातलं. खरंच लागत होतं की नाही, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी झाकण ठेवलं, भिंतीला टेकून अंमळ डोळे मिटले, आणि पहिली पंगत आत सोडायला सांगितली.