बालदिनाची पाहुणी संपादक

बातम्या विकून पोट भरणारी बाई मी — पण ही एक बातमी आजवर तोंडाबाहेर काढली नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मला नीट ठाऊक नाही.

संभाजीनगरातल्या एका दैनिकात मी मुलांची पुरवणी बघते. बालदिनाला आम्ही शाळेतली मुलं ऑफिसात बोलावतो, एकाला ‘पाहुणा संपादक’ म्हणून खुर्चीत बसवतो, फोटो काढतो. त्या वर्षीचा विषय होता बालहक्क. हसू आलं तर हसा.

खर्च सिडकोतल्या एका क्लासवाल्यानं उचलला होता. त्याच्या क्लासचं नाव छापलेल्या टोप्या सगळ्या पोरांच्या डोक्यावर. खुर्चीत सहावीतली एक मुलगी बसली होती. मी लाडानं विचारलं, संपादकबाई, आज कोणती बातमी छापायची?

ती हळूच म्हणाली, “ताई, आमचे क्लासचे सर सगळे गेल्यावर मला एकटीलाच थांबवतात. जवळ ओढतात. मला नाय आवडत. हे छापता येतं का?”

मला कळलं नाही, असं म्हणू? कळलं. लगेच कळलं. टोपीवरचं नाव समोर दिसत होतं. आणि मी — मी तिची टोपी सरळ केली. म्हणाले, “आज फक्त छान छान बातम्या, हं.” फोटोग्राफर म्हणाला, हस बेटा. ती हसली.

तिच्या आईचा नंबर माझ्याकडे होता. आज करू, उद्या करू — केला नाही. नोकरीची भीती होती? होती. पण नोकरी जाईल असं मला कुणी म्हटलंही नव्हतं.

दोन वर्षांनी दुसऱ्याच एका मुलीच्या आईनं तक्रार दिली, त्याला अटक झाली. मग आमच्या लेखणीला धार चढली. मथळ्यात ‘नराधम’ मीच घातला. वर लेख लिहिला — मुलं वेळेवर बोलत का नाहीत? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! लेख गाजला, सत्काराची शाल मी घेतली. त्या दोन वर्षांत तिचं काय झालं, हे मात्र कधी विचारलं नाही.

बऱ्याच शाळांनी तो लेख परिपाठाला वाचला. तिच्या शाळेतूनही आभाराचा फोन आला होता. ती तेव्हा आठवीत असेल. रांगेत उभी राहून तिनं तो शेवटपर्यंत ऐकला असेल.