स्टीलचा चिमटा आणि माझे शोधनिबंध

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. निवृत्तीच्या भाषणात टाळलं, घरच्यांपाशीही टाळलं. लातूरहून नांदेडला जाणारी एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली की मी डोळे मिटून घेतो, तेही त्याचमुळे. कंडक्टरला वाटतं, म्हाताऱ्याला झोप लागली.

नांदेडला मी भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि चुंबकीय पदार्थांवर संशोधन करत होतो. आधी फेराइट, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेली चुंबकीय पूड. कोबाल्ट थोडं काढून झिंक घातलं की एक शोधनिबंध, झिंकच्या जागी ॲल्युमिनियम घातलं की दुसरा. आमटी तीच, फोडणी बदलायची. विद्यार्थी राबायचे आणि प्रत्येक निबंधावर मार्गदर्शकाचं नाव लागायचं. तसा रिवाज होता आणि रिवाज मोडणाऱ्यांतला मी नव्हतो.

पुढे मी फिल्मकडे वळलो. तापलेल्या काचेवर द्रावण फवारलं की झिंक ऑक्साइडचा पातळ थर बसतो. त्यात किंचित मँगनीज मिसळलं तर तो थर चुंबकीय होतो, असं आम्ही छापलं. लोकांना ते आवडलं. मलाही आवडलं, कारण प्रोफेसरपदाची मुलाखत जवळ आली होती.

माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी अहमदपूरहून यायची. तिथल्या कॉलेजात ती तासिकेवर शिकवत होती. कायमची जागा निघणार होती आणि पीएच.डी. झाली तर ती तिलाच मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रबंध तयार होता. राहिली होती ती सारांशावरची माझी सही.

एके दिवशी सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "सर, नुसती काच पाठवली होती मोजायला. फिल्म नसलेली. तीबी चुंबकीय दिसून राहिली."

"धुतली नसशील."

"धुतली होती. आपण काच स्टीलच्या चिमट्यानं धरतो ना, त्याचा अंश कडेला लागून राहिला. प्लास्टिकच्या चिमट्यानं धरली तर काहीच येत न्हाई."

"म्हणजे एवढे दिवस आपण चिमट्याचं चुंबकत्व मोजलं?"

"हाव सर."

"मग पुढच्या निबंधावर चिमट्याचं नाव घालू. सहलेखक म्हणून."

सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरा. मी तिला आणखी रीडिंग घ्यायला सांगितलं. ती घेऊन आली, तेव्हा आणखी सांगितलं. सही राहून गेली. दरम्यान मी प्रोफेसर झालो आणि तिच्या कॉलेजातली जागा दुसऱ्याला मिळाली. तिनं येणं बंद केलं. अभ्यासाचा कंटाळा आणि घरच्या अडचणी, असं कारण मीच विभागात सांगत राहिलो.

प्रयोगशाळेत मात्र लवकरच प्लास्टिकचे चिमटे आले. मागणीपत्रात कारण मी लिहिलं होतं, "जुने गंजले." स्टेनलेस स्टील गंजलं कसं, हे पदार्थविज्ञानाच्या विभागात एकानंही विचारलं नाही.

गेल्या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांनी लातूरला माझा सत्कार ठरवला. संशोधनाची यादी मागितली, तेव्हा त्यातून फिल्मचे निबंध मी वगळले. संयोजकाचा फोन आला.

"सर, निबंध कमी भरून राहिले."

"तेवढेच खरे आहेत."

"पण आकडा पत्रिकेवर छापून झाला, सर."

निबंध परत यादीत गेले. शाल, श्रीफळ आणि टाळ्या झाल्या.

परतताना मी अहमदपूरला उतरलो. बी-बियाणांच्या दुकानामागे तिचं घर सापडलं. ती आता शाळेत विज्ञान शिकवते. मला दारात बघून ती आधी गोंधळली, मग वाकून नमस्कार केला. नवऱ्याला म्हणाली, "हे आमचे सर."

"लई कडक होते म्हणती तुम्ही," तो म्हणाला. "आमच्या नशिबी आता ही कडक हाय."

बशीत चुरमुऱ्यांची सुशीला आली, चहा आला. नवरा गिऱ्हाईक बघायला उठला तसा मी घसा साफ केला.

"तुझ्या त्या प्रबंधाचं..."

"राहू द्या सर. चहा गार होऊन राहिला."

तिनं सोडवलं, आणि सुटायला मी तयारच होतो. चहा संपेपर्यंत आम्ही उन्हाबद्दल बोललो.

मला सोडायला ती स्कूटीवरून स्टँडवर आली. एसटी फलाटाला लागायच्या आत तिनं खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. गर्दीत मला वर चढवलं, पाण्याची बाटली दिली. खाली उभी राहून ती विचारत होती, "बसलात ना नीट, सर?" मी मान हलवली. गाडी निघाली.

सांगायचं ते एवढंच होतं: पोरी, तुझं बरोबर होतं. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. सही मी विसरलो नव्हतो, अडवली होती. तुझी जागा माझ्यामुळे गेली. मला माफ कर.