खिळ्याला टांगलेलं नेट

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं, डोंगराच्या कडेला. मोबाईलची रेंज घरात एकाच ठिकाणी यायची, पुढच्या खोलीच्या खिडकीत, वरच्या गजाजवळ. तिथं मी खिळा ठोकला होता. मोबाईल पिशवीत घालून त्याला टांगायचा आणि खाली सुनेच्या कॉम्प्युटरला नेट मिळायचं. सून गावातल्या लोकांचे फॉर्म भरायची, म्हाताऱ्या बायांचे निराधारचे पैसे अंगठ्यावर काढून द्यायची. मी चौथी शिकलेले. इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात.

लागोपाठ दुसरं साल पावसावाचून गेलं होतं. टँकर दिवसाआड यायचा, कधी तोही नाही. मुलगा वाळूजला कंपनीत, बजाजनगरला खोली करून राहायचा. सुट्टीला आला की बायकोला एकच सांगायचा, "इथं काय ठेवलंय? चल तिकडं." सून म्हणायची, "माझं सेंटर आहे इथं." ते ऐकून मला बरं वाटायचं. मायेचा प्रश्न नाही. माझे गुडघे गेलेत, भरला हंडा घेऊन चढ चढवत नाही. ती गेली असती तर माझे हाल होते. हे मी तिला कधी बोलले नाही.

उन्हाळा लागला तेव्हा सून म्हणाली, "आई, कॉम्प्युटरमधली सिस्टीम जुनी झाली. महिनाअखेरपर्यंत नवी टाकली नाही तर अंगठ्याचं मशीन चालणार नाही."

"मग?"

"मग काय. सेंटर बंद. यांच्याकडं जावं लागंल."

तेव्हापासून मी त्या अपडेटमध्ये लक्ष घातलं.

नवी सिस्टीम नेटवरून उतरवायची होती आणि ती चार जीबीच्या वर होती. सुनेच्या मोबाईलला दिवसाचं दीड जीबी मिळायचं. ते संपलं की दुसऱ्याचा मोबाईल टांगायचा. बदलायला एखादं मिनिट लागलं तर चालायचं, जास्त वेळ नेट तुटलं की सगळं शून्यापासून. म्हणून मी गल्लीतल्या बायांचे मोबाईल मागून आणले आणि नळाला हंड्यांचे नंबर लावतात तसे त्यांचे नंबर लावले. माझा स्वतःचा बटणाचा, तो कामाचा नव्हता.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवरचा टक्क्यांचा आकडा एकतीसवर गेला आणि लाइट गेली. दुसऱ्या दिवशी सत्तावन्नवर असताना रेंजच गेली, ती संध्याकाळी आली. कॉम्प्युटरसमोर बसून बसून माझी कंबर धरली. काम काहीच नाही, नुसतं आकड्याकडं बघायचं. शेत राखण्यात निदान पाखरं तरी हाकायला मिळतात.

तिसऱ्या दिवशी सून हंडे लावायला रस्त्यावर गेली होती. खिळ्याला शेजारणीचा मोबाईल होता. तिचा नवरा मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला गेलेला, त्याच्या फोनसाठी तिनं चांगला मोबाईल घेतला होता. आकडा सत्त्याऐंशी झाला आणि टँकरचा हॉर्न वाजला. शेजारीण पळतच आत आली.

"मामी, माझा मोबाईल द्या."

"थांब गं. सत्त्याऐंशी झालेत. थोडंच राहिलंय."

"टँकर थांबतोय व्हय माझ्यासाठी? मालकाचा चार दिस झाले फोन नाय. आज आला आन मी तिकडं असले तर?"

"आला तर मी उचलते."

"तुमी उचलता! मागल्या टायमाला उचलला आन मालकाला म्हणलात राँग नंबर हाय!"

"मला त्याचा आवाज ओळखू आला नाही."

"मंग आज काय येणार हाय? मोबाईल दिला म्हंजी काय तुमच्या सुनेला आंदण दिला का मी?"

तिनं पिशवीसकट मोबाईल काढला, कमरेला खोचला आणि गेली. हात धरून तिला अडवता आलं असतं. पण चार दिवस ज्या बाईला नवऱ्याचा पत्ता नाही तिला काय अडवायचं. सुनेचा मोबाईल सुनेजवळ, टँकरवर, आणि बाकीच्या बायाही तिकडंच. मी आकड्याकडं बघत राहिले. तो बराच वेळ सत्त्याऐंशीवरच थांबला, मग एक चौकट आली आणि तो गेला.

सून दोन हंडे घेऊन आली. कॉम्प्युटर बघितला. पाणी रांजणात ओतलं आणि भिंतीला टेकून बसली. "आई, मला आता नाय होत," एवढंच म्हणाली.

मी म्हणाले, "वायरी काढून डबा सोड त्याचा. उद्या शहरात पोराकडं नेऊन करू."

ती म्हणाली, मी एकटी जाते, तुमचे गुडघे दुखतात. मी ऐकलं नाही. एकटी गेली तर परत येईल याचा मला भरवसा नव्हता.

दोन बस बदलल्या. कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, "आजी, टीव्ही आहे का?" मी म्हणाले, "दुकान आहे सुनेचं. त्याला तिकीट लागतं का?" तो हसला आणि पुढं गेला.

मुलाच्या खोलीत घरमालकाचं वायरचं नेट होतं. टीव्हीला डबा जोडला आणि सून भात लावायला उठली. भात शिजेपर्यंत सगळं उतरलं. तीन दिवस आम्ही जे राखत बसलो ते इतक्यात झालं. पुढचं मशीन आपोआप करत होतं. सवयीनं मी आकड्याकडं बघायला लागले, तर मुलगा म्हणाला, "आई, इथं बघत बसावं लागत नाही."

सून जेवली आणि फरशीवर आडवी झाली. लगेच झोपली, तोंड उघडं टाकून. लग्नाला तीन वर्षं झाली, दिवसा झोपलेली मी तिला पहिल्यांदा बघत होते. माझ्या दोन हंड्यांसाठी मी हिला तिकडं धरून ठेवली होती, हे मला कळत होतंच. आता ते समोर पडलेलं दिसत होतं.

ती उठली तेव्हा अपडेट पुरं झालं होतं. अंगठ्याचं मशीन लावून बघितलं, चाललं. ती गोधडी घेऊन डबा बांधायला लागली.

मी म्हणाले, "राहू दे. इथंच मांड सेंटर."

"आणि गावातल्या बाया?"

"फुलंब्रीला जातील."

"आणि तुम्ही?"

"टँकर आला की मी एक घागर आणीन. एवढं लागतंय किती मला."

मुलगा म्हणाला, "आई, तू पण इथंच राहा ना."

"या खोलीत तिघं झोपलो तर दार उघडणार नाही," मी म्हणाले.

सून रडायला लागली. मला रडणं बघवत नाही, म्हणून मी चपला घातल्या. मुलानं स्टँडवर सोडलं. बसला गर्दी होती, फुलंब्रीपर्यंत उभी आले.