विहाराचं दार

सोनाळ्याची सुवर्णा परदेशात एका शाळेत इंग्रजी शिकवायची. गावच्या बुद्धविहारात संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना फुकट शिकवायची तिची जुनी सवय. तिथंही तिनं मजुरांची लेकरं खोलीवर बोलावली. पण व्हिसा त्या एकाच शाळेपुरता होता. फुकट असो की पगारी, बाहेर शिकवणं गुन्हाच. कुणीतरी कळवलं आणि लेकरांना बाराखडी शिकवल्याबद्दल बाईंना देशाबाहेर काढलं!

तेव्हापासून ती घरात नुसती पडून असायची. काल वडील पंजाबरावांनी तिला बळंच विहारात नेलं. पोरं जमली. खडू उचलण्याआधी सुवर्णानं दार लोटून कडी घातली.

"दार काऊन लावून राह्यली वं? आपलंच गाव हाये ना!"

"हाव बाबा," ती म्हणाली. पण कडी काढायला हात उठेना.