बाबांची वीत

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही – नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगते.

मिहानमधल्या एका कंपनीत मी जहाजांच्या शिडांचं डिझाइन करते. हसू नका, नागपुरात समुद्र नसला म्हणून काय झालं? मालवाहू जहाजावर आमचं शीड चढलं की वारा हातभार लावतो. इंजिनाला तेल कमी लागतं, धूर कमी होतो. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. त्याचा अभिमान आहे – होता, आहे, आणि घोळ तिथंच झाला.

बाबा कळमेश्वर रोडवर ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. शाळा चौथीपर्यंत.

आमचं शीड बंदरात यंत्रानं घडी होऊन खाली बसतं. चाचणीत त्याला घडीवरच चीर पडायची. आम्ही कापडं बदलत बसलो होतो. एका रविवारी तो फाटका तुकडा मी बाबांना दाखवला – सहजच. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला.

"काहून वं, रोज त्याच घडीवर घडी घालता काय? वीतभर सरकवत जा ना. थकते ना कापड!"

आणि वीत टेकवून दाखवली. त्यांच्याच टेपनं मी ती मोजली. बावीस सेंटीमीटर.

दर वेळी घडी तेवढी सरकेल असं यंत्र आम्ही करून घेतलं. शीड टिकलं. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हा आकडा कुठून आला? एवढं काय जड होतं हो खरं सांगायला? मी म्हणाले, कॅल्क्युलेशन केलं.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. ती लिहिताना अजून – असो, लिहिते.

पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, "जमलं काय वं?" सुई हातातच थांबली होती.

मी म्हणाले, "नाही बाबा. समुद्राचं वेगळं असते."

"बराबर हाय. आपण कुठं पाह्यला समुद्र!" असं म्हणून हसले, आणि माझ्या स्कूटीसाठी शिवलेलं नवं सीटकव्हर चढवायला बाहेर गेले. उन्हात वाकून, चारही कोपरे ओढून ओढून.

अजूनही येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते ऐकवतात – माझी पोरगी हवेवर जहाज चालवते.

प्रत्येक शिडाबरोबर जाणाऱ्या पुस्तिकेत तो आकडा छापलेला आहे, खाली माझं नाव. बावीस सेंटीमीटर. ती त्यांच्या उजव्या हाताची वीत आहे – अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.